क्लेमेंटच्या गाडीतला आवाज

क्लेमेंट अ‍ॅस्क्यू वारला आणि त्याची कापडी टपाची, दोन माणसांची हिरवी गाडी त्याच्या बहिणीच्या दारात येऊन उभी राहिली. म्युरिएल चहाचा कप हातात धरून खिडकीतून नुसती तिच्याकडे पाहत राहिली. चहा निवला तरी तिला भान नव्हतं. मी तिची शेजारीण. आमच्या दोन घरांत भिंत एकच, त्यामुळे तिचा रेडिओ मला फुकट ऐकू येतो आणि माझ्या फोडण्यांचा खकाणा तिला.

"सुधा, ही मला का दिली असेल त्यानं?" तिनं मला विचारलं.

मला काय ठाऊक? क्लेमेंटनं लग्न केलं नव्हतं. घर त्यानं ज्या संस्थेत शेवटचे दिवस काढले तिला दिलं, हत्यारं त्याच्या गाडीवाल्यांच्या क्लबला दिली आणि गाडी म्युरिएलला. भावाबहिणीत भांडण नव्हतं, पण जवळीकही नव्हती. नाताळचं जेवण एकत्र, वाढदिवसाला कार्ड, एवढंच. पोटाच्या कर्करोगानं गेला तो. म्युरिएलला कळलं तेव्हा थोडेच दिवस उरले होते. "मलाही आत्ताच कळलं," असं त्यानं तिला सांगितलं होतं.

गंमत अशी, की म्युरिएलनं तरुणपणी ह्याच गाड्यांची सीटं शिवली होती. शाळा सुटल्याबरोबर ती इथल्या, कॉव्हेंट्रीतल्याच, मोटारींच्या कारखान्यात लागली. चामड्याच्या सीटवर समांतर पट्ट्यांची शिलाई घालायची. बायकांची रांगच्या रांग, यंत्रांचा गलका, आणि त्याच्यावर ताण म्हणून सगळ्याजणी मोठ्यानं गायच्या. कारखाना बंद पडल्यावर तिनं घरी पडदे शिवले. माझ्या बैठकीतले पडदे तिचेच. मात्र त्या गाडीत बसायचा योग तिला कधी आला नाही. एकदा तिनं भावाला म्हटलंही होतं, मला एक चक्कर मारून आण. तो म्हणाला, बाजूच्या सीटवर सामान आहे. दुसऱ्यांदा तिनं विचारलं नाही.

तेव्हा गाडी विकायची, हे तिनं पहिल्याच आठवड्यात ठरवून टाकलं. गिऱ्हाईक तयार होतं. क्लबातला डेन्झिल प्यू हा क्लेमेंटचा जुना दोस्त, वेल्समधून आलेला, बुटका, बोलका, आधी शाळेत इतिहास शिकवायचा. त्याच्याकडे असलीच एक गाडी होती, पण खटारा. तो आला, गाडी चालवून पाहिली, इंजिन लोण्यासारखं चालतंय म्हणाला. पुढच्या शनिवारी घेऊन जातो असं ठरलं.

शनिवारी त्यानं गाडी सुरू केली आणि बॉनेटखालून आवाज आला. खट्, खट्, खट्. कोणी आतून हलक्या हातानं दार ठोठावावं तसा.

डेन्झिलनं रेस दिली, आवाज गेला. रेस सोडली, आवाज परत आला.

"टॅपेट," तो म्हणाला. "टॅपेट ढिले झालेत. अर्ध्या तासाचं काम. मी अशीच घेतो, म्युरिएल, काळजी करू नकोस."

कदाचित व्यवहार तिथंच झाला असता. पण क्लबातला दुसरा एकजण, होरेस टिम्स, मजा बघायला सोबत आला होता. होरेस उंच, वाकलेला, कमी बोलणारा. त्याची सगळी नोकरी त्याच कारखान्यात इंजिनं जुळवण्यात गेलेली. त्यानं खिशातले हात बाहेर न काढता मान हलवली.

"टॅपेट कसले? हा आवाज खालून येतोय. पिस्टनच्या रॉडचं बेअरिंग गेलंय. अशीच चालवलीस तर एक दिवस रॉड इंजिन फोडून बाहेर येईल."

"तुला कान आहेत का बटाटे?" डेन्झिल म्हणाला.

"बटाटे तुमच्या वेल्समध्ये पिकवा."

म्युरिएल दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीनं बघत होती. एकजण म्हणतो किरकोळ आहे, असाच घेतो. दुसरा म्हणतो इंजिन संपलं. पहिल्याचं खरं असेल तर दुसरा तिला घाबरवतोय, आणि दुसऱ्याचं खरं असेल तर पहिल्याला ती मोडकी वस्तू देतेय. शेवटी तिनं किल्ली काढून अ‍ॅप्रनच्या खिशात टाकली. आवाज कसला ते कळल्याशिवाय गाडी कोणालाच मिळणार नाही, असं तिनं सांगितलं. दोघंही शाळेतून घरी पाठवलेल्या पोरांसारखे निघून गेले.

तो सगळा उन्हाळा मग त्या आवाजाच्या मागं गेला.

पहिली पाळी डेन्झिलची. त्यानं इंजिनचं वरचं झाकण काढलं, पातळ पात्यांनी झडपा उघडणाऱ्या एकेका टॅपेटची फट मोजली, स्क्रू पिळले, झाकण बसवलं. गाडी सुरू केली. खट्, खट्. वरचं इंजिन आता शिलाई मशीनसारखं एकसुरी वाजत होतं, त्यामुळे खटखट उलट जास्तच स्पष्ट ऐकू यायला लागली.

मग होरेस. त्यानं चालू इंजिनात एकेका प्लगची वायर काढून बघितली. त्यानं आम्हाला समजावलं, की ज्या रॉडचं बेअरिंग गेलं असेल, त्याची ठिणगी बंद केली की त्याच्यावरचा दाब जातो आणि ठोका मऊ पडतो. पहिली वायर काढली, इंजिन लंगडायला लागलं, ठोका होता तसाच. दुसरी, तिसरी, चौथी. ठोक्यावर काही परिणाम नाही. होरेसनं वायरी परत लावल्या.

"म्हणजे बेअरिंग नाही?" म्युरिएलनं विचारलं.

"असायला तर हवं," होरेस म्हणाला.

त्यानं लांब स्क्रूड्रायव्हर घेतला, टोक इंजिनला टेकवलं आणि मूठ कानाला लावली. लोखंडातून आत काय चाललंय ते ऐकू येतं म्हणे. मग ते प्रत्येकानं केलं. डेन्झिलला आवाज पुढून आला. होरेसला खालून. म्युरिएलला सगळीकडून सारखाच. मी ऐकलं तेव्हा मला इतके आवाज ऐकू आले, की ह्यातला बिघडलेला कोणता आणि चांगला कोणता हेच मला कळेना. मी तसं म्हटलं तर होरेस म्हणाला, "बाई, खरं सांगायचं तर मलाही."

मग फॅनबेल्ट. त्या पट्ट्यावर पंखा फिरतो, पाण्याचा पंप फिरतो, बॅटरी भारणारा डायनामो फिरतो. पट्टा काढून इंजिन क्षणभर चालवायचं. आवाज गेला तर ह्या तिघांपैकी कोणीतरी चोर. पट्टा काढला आणि आवाज कमी व्हायचा तो वाढला. आता दार हलक्या हातानं नाही, मुठीनं ठोकत होतं कोणी.

आम्ही चौघं बॉनेटभोवती उभे होतो.

"हे उलटंच झालं," डेन्झिल म्हणाला.

"उलट नाही," होरेस म्हणाला, पण त्याच्या आवाजात जोर नव्हता. "बाहेरची यंत्रं बंद केली तरी आवाज आहे. म्हणजे तो आतला आहे. वाढला का ते मात्र मला विचारू नका."

पट्टा जुना होता म्हणून डेन्झिलनं नवा आणून ताणून बसवला, आणि आवाज गायब झाला. साफ गेला. डेन्झिलनं तो माझ्या टॅपेटमुळेच गेला असं जाहीर केलं, आणि आता गाडी घेऊन जाऊ का म्हणून विचारलं. म्युरिएल म्हणाली, थांब. तिला तो असा न सांगता गेलेला आवाज आवडला नव्हता. "ताप आपोआप उतरला म्हणून डॉक्टर हुशार ठरत नाही," ती मला म्हणाली.

त्या शांत आठवड्यात तिनं पहिल्यांदा गाडी बाहेर काढली. आधी नुसती गल्लीच्या टोकापर्यंत, मग केनिलवर्थच्या रस्त्याला. ती पन्नाशी उलटल्यावर गाडी शिकलेली, तीही एक छोटी डबी. ह्या गाडीचं नाक लांब, सीट रस्त्याला टेकलेलं, गियर बदलायला दंडात ताकद हवी. परत आली तेव्हा केस पिंजारलेले आणि गाल लाल. मी विचारलं, कशी आहे? ती म्हणाली, "भयंकर आहे." आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली.

आठवडा संपायच्या आत, सिग्नलला थांबलेली असताना, आवाज परत आला.

आता तिला तो सगळीकडे ऐकू यायला लागला. फ्रीज चालू झाला की ती मान वर करायची. चर्चमध्ये प्रवचन चालू असताना पाईपमधून काहीतरी ठकठकलं, तर तिनं शेजारच्या बाईला विचारलं, हे नेहमीचं आहे का? माझ्याकडे एकदा कुकर लावला होता, तर ती भिंतीपलीकडून आली आणि म्हणाली, तुझ्याकडे काहीतरी ढिलं झालंय. मला हसू आलं, पण तिचा चेहरा पाहून मी आवरलं. तिला झोप लागत नव्हती, हे दिसत होतं.

"गाडीचं सोड," मी तिला म्हटलं. "देऊन टाक डेन्झिलला."

"गाडीचं नाहीच गं," ती म्हणाली. मग जरा थांबून, "क्लेम कधी काही ढिलं ठेवायचा नाही. लहानपणी माझ्या सायकलचे नट तो रोज संध्याकाळी तपासायचा. मला चीड यायची त्याची. त्याची गाडी आणि तिच्यात असा आवाज, हे बसत नाही माझ्या डोक्यात. मी काहीतरी चुकीचं केलं का तिला आल्या आल्या?"

होरेसनं शेवटचा उपाय काढला. त्याच्या लक्षात आलं होतं, की क्लच दाबला की ठोका थोडा बदलतो. क्लच दाबला की मुख्य दांडा, म्हणजे क्रँक, जरासा पुढं ढकलला जातो. तो पुढं-मागं सरकू नये म्हणून आत चपट्या चकत्या असतात, त्या झिजल्या असणार असं त्याचं म्हणणं. ह्या वेळी तो ठाम होता. दोघांनी मिळून गाडी उचलून ठोकळ्यांवर ठेवली, तेल काढलं, खालचं चेंबर उतरवलं. होरेस पाठीवर झोपून आत शिरला. डेन्झिलनं दिवा धरला. म्युरिएलनं सँडविचं केली होती, ती तशीच वाळत पडली.

होरेस बाहेर आला तेव्हा त्याच्या कपाळावर तेलाचा पट्टा होता. त्यानं हातातली चकती आम्हाला दाखवली. छान होती. बेअरिंगं काढून पाहिली होती, तीही आरशासारखी. तो पालथ्या बादलीवर बसला.

"मी हजारो इंजिनं जुळवली असतील," तो म्हणाला. "आणि ह्या एकात काय वाजतंय ते मला कळत नाही."

डेन्झिल एरवी टोमणा मारायची संधी सोडत नाही. तेव्हा मात्र त्यानं एक सँडविच उचललं आणि होरेसच्या हातात दिलं.

सगळं परत जोडायला दोन शनिवार गेले. चेंबर चढलं, तेल भरलं. आता वरचे टॅपेट पुन्हा एकदा बघावेत, असं डेन्झिलनं हट्टानं म्हटलं आणि होरेसमध्ये वाद घालायचं त्राण नव्हतं. टॅपेट बघायचे तर इंजिन हातानं थोडं थोडं फिरवावं लागतं. त्यासाठी गाडीच्या नाकातून एक लोखंडी हँडल आत घालतात, ते क्रँकच्या टोकाच्या मोठ्या नटाला अडकतं. आजवर हे काम कधी होरेस तर कधी डेन्झिल करत आले होते. त्या दिवशी होरेसची कंबर धरली होती आणि डेन्झिलच्या हातात पाती होती, म्हणून हँडल म्युरिएलनं घेतलं.

"हळू," डेन्झिल म्हणाला. "मी सांगेन तेवढंच."

तिनं थोडं फिरवलं. थांबली. मागं फिरवलं, पुन्हा पुढं.

"हे आधी थोडं रिकामंच फिरतं," ती म्हणाली. "असंच असतं का?"

"हँडल ढिलं बसतं गं. सगळ्याच गाड्यांना असतं," होरेस बादलीवरून म्हणाला.

"बरं." तिनं पुन्हा फिरवलं. "पण हँडलबरोबर ते पट्ट्याचं खालचं चाकही हलतंय. पंखा हलत नाहीये, इंजिन हलत नाहीये, आणि चाक मात्र हलतंय."

होरेस उठला. कंबर धरली होती हे तो विसरला. गुडघ्यावर बसून त्यानं बॅटरीचा झोत पुढच्या फटीतून आत टाकला आणि म्हणाला, "परत कर." तिनं परत केलं. मग त्यानं हात आत घातला, बोटांनी काहीतरी चाचपलं आणि तसाच बसून राहिला.

क्रँकच्या टोकाला जे चाक असतं, ज्याच्यावर पट्टा धावतो, ते ढिलं होतं. ते धरून ठेवणारा नट सैल झाला होता, आणि चाक जागच्या जागी किंचित पुढं-मागं आपटत होतं. पट्टा नवा आणि ताठ होता तेव्हा त्यानं चाकाला आवळून धरलं, म्हणून आवाज गेला. पट्टा सैलावला तसा तो परत आला. पट्टाच काढला तेव्हा चाक मोकाट सुटलं. क्लच दाबला की क्रँकबरोबर तेही सरकायचं. आम्ही आत शोधत होतो आणि ते बाहेर, नाकासमोर होतं. डेन्झिल आणि होरेस दोघांनी कितीदा तरी ते हँडल फिरवलं होतं. पण हँडल ढिलंच असतं हे दोघांना इतकं माहीत होतं, की त्यांनी खाली वाकून बघितलंच नाही.

होरेसनं ते सगळं काढलं. चाकाच्या आतली खाच झिजून रुंद झाली होती. मागं तेल अडवणारं रबरी सील होतं, ते कोरं करकरीत. नटाखाली एक पत्र्याची चकती असते, नट आवळून झाल्यावर तिची कड वर दुमडायची, म्हणजे नट फिरत नाही. ती कड दुमडलेली नव्हती. अर्धवट, जेमतेम वाकवलेली.

"सील क्लेमनंच बदललंय," होरेस म्हणाला. "आणि नट आवळलेला नाही. म्हणजे आवळलाय, पण..." तो थांबला. "ह्याला दोन्ही हातांनी, अंगाचा भार घालून आवळावं लागतं."

डेन्झिलनं हातातली पाती खाली ठेवली. मग म्हणाला, की गेल्या ऑक्टोबरात क्लेम त्याच्याकडून मोठा पाना घेऊन गेला होता. मी येतो मदतीला, असं डेन्झिल म्हणाला, तर नको म्हणाला. संध्याकाळी पाना परत आणून दिला. पायरीवर जरा वेळ बसला. दमलास का विचारलं, तर म्हणाला, बूट घट्ट होतोय.

म्युरिएल हँडल हातात धरून उभी होती.

"ऑक्टोबरात," ती म्हणाली. "मला तर तो म्हणाला की त्याला फेब्रुवारीत कळलं."

होरेसनं ती पत्र्याची चकती उलटी करून पाहिली, परत सुलटी केली.

"नाताळला माझ्याकडे जेवला. मी म्हटलं, वाळलास. तर म्हणाला, चालायला जातो हल्ली." तिनं होरेसकडे पाहिलं. "तुला माहीत होतं?"

"दर गुरुवारी माझ्या शेजारी बसून बीअर प्यायचा," होरेस म्हणाला. "नाही."

तिनं हँडल खाली ठेवलं आणि घरात गेली. मी मागोमाग गेले. ती स्वयंपाकघरात उभी राहून किटलीत पाणी भरत होती, किटली भरून वाहायला लागली तरी नळ बंद करत नव्हती. मी बंद केला. ती रडली नाही. म्हणाली, "त्याला जमत नव्हतं तर कोणाला तरी हाक मारायची ना. डेन्झिल होता, होरेस होता. मी चार रस्ते सोडून राहते. नट आवळायला मी आले असते की." आणि थोड्या वेळानं, "की ह्यासाठीच दिली मला? का दुसरं कोणी नव्हतं म्हणून? मला काही कळत नाही सुधा."

मी किटलीतलं जास्तीचं पाणी ओतलं आणि चहा ठेवला.

नवं चाक क्लबातल्याच कोणाच्या तरी पडवीतून मिळालं. होरेसनं ते बसवलं आणि नट आवळताना म्युरिएलला बोलावलं. दोघांनी मिळून पान्यावर भार घातला. पत्र्याची कड तिनंच छिन्नीनं दुमडली, नीट, शेवटपर्यंत. गाडी सुरू केली. खटखट नव्हती. डेन्झिलनं टोपी काढून होरेसला सलाम ठोकला आणि होरेस म्युरिएलकडे मान वळवून म्हणाला, सलाम तिकडे ठोक.

मग डेन्झिलनं घसा खाकरला. ठरल्याप्रमाणे गाडी तो घ्यायला तयार होता, असं त्यानं अगदी अवघडून सांगितलं. म्युरिएल म्हणाली, नाही. डेन्झिलनं मान डोलावली. मला वाटतं त्याला वाईट वाटलं, पण आश्चर्य वाटलं नाही. तो म्हणाला, "मग निदान त्या डबीतल्यासारखा गियर टाकू नकोस. इंजिन ओरडतं तुझ्या हाताखाली." त्यानंतर कित्येक रविवार तो तिला गियर शिकवायला येत होता, आणि ती त्याच्यावर खेकसत होती.

पानगळ सुरू व्हायच्या सुमारास ती मला म्हणाली, चल, चक्कर मारू. मी डोक्याला रुमाल बांधून बाजूला बसले. वॉरिकच्या दिशेनं निघालो. टप उघडा, वारा असा की बोलणं अशक्य. तिचा चेहरा एकदम तरुण दिसत होता, जरा घाबरलेलाही. एका उतारावर तिनं पाय काढला, तेव्हा डाव्या बाजूनं, माझ्या पायाजवळ कुठूनतरी, बारीक चिवचिव ऐकू आली. मी तिच्याकडे पाहिलं.

"ऐकलंस?" मी ओरडून विचारलं.

"ऐकलं," ती म्हणाली. "आज नको."